फडका दिसेपर्यंत

"आता कळलं ना तुला? शहाणा माझा."

हरेशनं चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय कळलं?" मृणालीनं लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "तुम्हाला नाय हो. ह्याला." एवढंच. शनिवारची सकाळ होती. खिडकीसमोरच्या गणपतीच्या कारखान्यात सण संपल्यावरची सामसूम होती, रिकामे साचे उन्हात पालथे पडले होते, आणि कुठल्याशा घरातून पोहे फोडणीला घातल्याचा वास येत होता. म्हणजे सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त शहाणा हा शब्द जागचा हलला होता. तो शब्द ह्या घरात शेवटचा कधी बोलला गेला हे हरेशला आठवेना. मग आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीत त्यानं तिला खांब गावी, तिच्या माहेरी, सोडलं होतं आणि न सांगता दुसऱ्या दिवशी आणायला गेला होता, तेव्हा. शहाणेच आहात, असं म्हणाली होती ती. पण तो शहाणा वेगळा. ह्या शहाण्याला तिनं तू म्हटलं होतं, आणि तिच्या आवाजात ती बालवाडीत शिकवायची तेव्हाचं कौतुक होतं, पोरगं पहिल्यांदा आपली चप्पल आपण घालतं तेव्हाचं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून काहीतरी सांगत राहिली. कुकरची शिट्टी झाली, मागून तिचा आवाज पुन्हा सुरू झाला, काहीतरी शेवटचं, काहीतरी तुमच्या गावचं. हरेश त्या मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत होता. तिचं बोलणं थांबलेलं जाणवलं तेव्हा त्यानं सवयीनं ओ दिली.

ओ.

हा म्हणजे एजंट. माणूस नव्हे, सांगितलेलं वाचून कामं करणारा कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. रोह्याच्या ज्या लहानशा ऑफिसात हरेश गेली कित्येक वर्षं पंपांची आणि दरवाज्यांची मॅन्युअलं लिहीत होता, तिथे जितेशनं वर्षभरापूर्वी हा आणून बसवला होता. जितेश मालक, पण वयानं हरेशहून धाकटा, आणि बोलताना खुर्चीत कधी नीट न बसणारा. तो म्हणाला होता, "हरेशदादा, माणसं मॅन्युअल वाचत नाहीत. हा वाचतो. प्रत्येक अक्षर वाचतो." हरेशला तेव्हा छातीत काहीतरी उघडल्यासारखं झालं होतं. कारण माणसं वाचत नाहीत हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? धाटावच्या एका पंपघरात त्यानं आपलं मॅन्युअल डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली पाहिलं होतं, दुसरीकडे त्यात सुकट बांधलेली पाहिली होती. आता एक वाचणारा आला होता. एजंटच्या हाताशी टूलं असतात. एखादं टूल वापरलं की दूरच्या यंत्राला आपोआप निरोप जातो, त्याला वेबहुक म्हणतात, आणि निरोप गेला की तिकडे खरोखरच काहीतरी हलतं. मोटर फिरते. दरवाजा खाली येतो. एजंटला ते टूल दिसत नाही, यंत्र दिसत नाही, खाडी तर नाहीच नाही. त्याला दिसतं ते फक्त टूलाचं वर्णन. चार ओळी. त्या ओळींत जे असेल तेवढंच त्याचं जग. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या दरवाज्यासाठी, म्हणजे उघाडीसाठी, हरेशनं जीव ओतून लिहिलं होतं: सदर टूलद्वारे उघाडी व्यवस्थापनाची प्रक्रिया कार्यान्वित करता येते. आणि चाचणीच्या दिवशी जितेशनं सहज विचारलं, ही उघाडी कोणत्या साली बांधली, तर एजंटनं उत्तर द्यायच्या आधी उघाडी बंद करून टाकली. मग कोणीतरी विचारलं, उघाडीला रंग कोणता? पुन्हा बंद. ऑफिस हसलं. हरेशही हसला. हसताना त्याला आपले दात जाणवत होते.

मृणालीला कामावर घ्यायची कल्पनाही जितेशचीच. ऑफिसच्या सहलीत तिला पाहिलं होतं त्यानं, कुंडलिका नदीच्या काठी, सगळ्यांची मुलं पाण्याकडे पळत असताना. बाकीच्या आया ओरडत होत्या, अरे तिकडे नको, अरे पडशील. मृणाली एवढंच म्हणाली, "त्या काळ्या दगडापर्यंत जा, दगडाला हात लावा आणि परत या." मुलं गेली, हात लावून परत आली. बालवाडीत ती कधी सांडू नको म्हणत नसे. पेला दोन हातांनी धर, म्हणे. जितेशनं ते टिपलं. आणि तीन महिन्यांत हरेशची मॅन्युअलं बाजूला पडून मृणालीच्या चार ओळी चालू झाल्या, मराठीतच, म्हणजे गावच्या कमिटीलाही वाचता याव्यात. हरेशकडे काम उरलं ते तिचं लिहिलेलं तपासायचं. तपासून झालं की एका चौकोनात खूण करायची: बघितलं.

ती आंघोळीला गेली तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडला. तपासायचंच होतं. उद्या पौर्णिमा, कोजागरीची, दुपारचं उधाण, आणि उद्यापासून त्याच्याच गावची उघाडी एजंट सांभाळणार होता. वडखळच्या पलीकडे, खाडीला लागून, जिथे त्याचे वडील मिठागरावर राबले आणि कान्हूकाकानं उघाडी राखली. भरती आली की उघाडी बंद, ओहोटी लागली की उघडी. एवढंच काम, पण भात निसवलेलं असताना एका भरतीचं खारं पाणी आत आलं तर त्या शेतात पुढची दोन-तीन वर्षं गवतही धड उगवत नाही. हरेश वाचू लागला.

उघाडी_बंद. हे टूल खरी उघाडी खरोखर बंद करतं. नुसती माहिती हवी असेल तर हे वापरू नकोस. भरती सुरू झाली असेल आणि उघाडी उघडी असेल तरच वापर. एकदाच वापर. उत्तर यायला वेळ लागला तर थांब, पुन्हा हाक मारू नकोस. दोन हाका म्हणजे दोन निरोप, आणि तिकडच्याला वाटेल दोन कामं आहेत. खात्री नसेल तर विचार. विचारल्यानं कोणी रागावणार नाही.

विचारल्यानं कोणी रागावणार नाही. हरेशनं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पुन्हा. खोलीत कोणी नव्हतं तरी त्याला कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटलं. बाथरूममध्ये बादलीत पाणी पडत होतं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं त्याला का नाही सांगितलं? घरात तिचा अबोला सुरू व्हायचा तो कशानं हे त्याला कधी कळलं नव्हतं. तो अंदाज बांधायचा, चुकायचा, दोनदा विचारायचा, आणि दोनदा विचारल्यानं ती आणखी गप्प व्हायची. तेव्हा कोणी चार ओळी लिहून दिल्या होत्या? तिची आई गेल्यावर ती सारखी मागच्या पडवीत जाऊन बसे, तेव्हा जवळ जावं की जाऊ नये? कधी वापरावं, कधी वापरू नये? त्याला कोणी नाही सांगितलं. आणि ह्याला, ज्याला पडवी नाही, ज्याची आई कधी मेली नाही, त्याला ती एवढ्या मायेनं, एवढं सोपं करून, बोट धरून. मत्सर हा शब्द त्याला पुस्तकी वाटला. त्याच्या पोटात जे होतं ते पुस्तकी नव्हतं. ते मिठागरातल्या चिखलासारखं होतं. पाय टाकला की गार, काढायला गेलं की आणखी आत.

मग त्याला भोक सापडलं.

उत्तरात ‘ठीक’ येईल. एवढंच लिहिलं होतं, आणि खाली कोरी जागा. ठीक येईल, पण ठीक म्हणजे काय? हरेश खुर्चीत मागे टेकला. उघाडीवर बसवलेल्या यंत्राच्या डब्याला निरोप पोचला की डबा ठीक म्हणतो, मग मोटर फिरो न फिरो, उघाडीच्या फळीखाली लाकूड अडको न अडको. एजंट बापडा ठीक वाचणार आणि उघाडी बंद झाली असं धरून चालणार. खांबकडच्या बाईनंच करावी अशी चूक. तिकडे वालाच्या शेतात बांधावरून हाक मारली, पलीकडून ओ आली, की माणूस हातातलं टाकून येतोच. ओ म्हणजे आलोच. खाडीवर तसं नाही. हरेशच्या डोळ्यांपुढे वडील आले, मिठागराच्या बांधावर, तोंडापुढे दोन्ही हात धरून. कान्हूऽ पानी आला रंऽ. वाऱ्यावरून खूप वेळानं ओ यायची. हरेश लहान, तो लगेच घराकडे वळायचा, आणि वडील त्याची मान धरून पुन्हा खाडीकडे फिरवायचे. "ओ म्हंजे आयकला. झाला नाय. फडका बघ." फळ्या बसल्या की कान्हूकाका बांबूवर लाल फडका चढवायचा. तो दिसेपर्यंत वडील हलत नसत, ऊन असो नाहीतर वारा. हे मृणालीला माहीत असायचं कारणच नव्हतं. हरेशला माहीत होतं. फक्त हरेशला. त्यानं भोकाखाली आणखी काही आहे का ते पाहिलं नाही. लॅपटॉप मिटला. मिटायच्या आधी चौकोनात खूण केली. बघितलं. पोटातला चिखल अचानक कोमट, जवळजवळ सुखाचा झाला होता.

त्याच सकाळी दहाच्या सुमाराला ते चाचणीसाठी गावाला पोचले. डबा उघाडीच्या खांबावर आधीच बसवला होता, राखाडी, वर लहानशी अँटेना, आणि आतल्या बाजूला पाणी मोजणारी पट्टी. जितेश रोह्याहून फोनवर होता. कान्हूकाका उघाडीवर उकिडवा बसून डब्याकडे असा बघत होता, जसं लोक घरात आलेल्या नव्या जावयाकडे बघतात.

"म्हंजे आता मी काय करू? बसून खाऊ?"

"बसून खायाची सवय तुला कवा नव्हती?" काकाच्या बायकोनं, गोदूबाईंनी, पदरानं वारा घेत विचारलं. "पानी येयाच्या टायमाला बिडी वढत बसायचास, मी हाका मारून मरायची."

"ओ द्याचो ना पन?"

"ओ द्यायला काय जातंय तुझा."

मृणाली हसली. हरेश हसला नाही. त्याच्या मानेवर वडिलांची बोटं क्षणभर बसली आणि उठली. मृणालीनं मोबाईलवर लिहिलं, भरती सुरू झाली आहे, उघाडी उघडी आहे. एजंटनं एकदाच हाक मारली. ठीक आलं. डब्यातून गुणगुण झाली आणि फळ्या हळूहळू, देवघराचा पडदा सोडावा तशा, खाली आल्या. पाणी बाहेरच्या बाहेर फुगत राहिलं. फोनमधून जितेश वा वहिनी, वा वहिनी करत होता. गोदूबाईंनी मृणालीच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "कशी गो शिकवलीस तू त्याला? आमच्या ह्याला पन शिकव."

"मी एकटीनं नाय काकी. ह्यांनी तपासलंय सगळं."

कान्हूकाका हरेशकडे वळला. म्हाताऱ्याचे डोळे मिठाच्या उजेडानं पांढुरके झालेले. "तू बघलास, हरेश?"

"हं."

"सगला?"

"ओ काका."

"मंग झाला. तू तुझ्या बापाचा हायस. तू बघलास म्हंजे मी उद्या जेवून निजायला मोकला." आणि तो खरंच मोकळा झाल्यासारखा उठला, गुडघ्यावर हात देत. बांबू तिथेच उभा होता, उघाडीच्या कडेला, टोकाला विटक्या लाल चिंधीचा एक धागा. पलीकडे भात वाऱ्यावर एका अंगाला झुकत होतं. त्यात हरेशचंही काही नव्हतं आता, वडिलांचा तुकडा केव्हाच कान्हूकाकाच्या पोरांकडे गेला होता. पण वास तोच होता, निसवत्या भाताचा, दुधाचा, आणि त्या वासाला खाडीचा वास टेकून उभा.

परत येताना वडखळला गाड्या अडकल्या होत्या. मृणाली डोकं मागे टेकून डोळे मिटून बसली होती, आणि हरेशच्या डोक्यात कोणीतरी वर्णन लिहीत होतं, तिच्याच भाषेत, तिच्याच आवाजात.

हरेश_ला_सांग. हे टूल हाक पोचवतं. घरात दुसरं कोणी नसेल तेव्हा वापर. गॅस संपला असेल, नळ गळत असेल, खांबला कोणी आजारी असेल. उत्तरात ‘ओ’ येईल. ‘ओ’ म्हणजे

पुढच्या ट्रकनं हॉर्न दिला. ‘ओ’ म्हणजे. तो पुढचं लिहीना. सांगू या का? आत्ता? मृणाली, त्या ठीकचं काय? पण आत्ता म्हणजे उघाडीवर का नाही हे सांगावं लागणार. आणि समजा नाहीच सांगितलं. काय होईल? कदाचित काहीच नाही. लाकूड रोज थोडंच अडकतं. आणि अडकलंच, तर एकदा, फक्त एकदा, जितेश तिच्याकडे तसा बघेल जसा त्या दिवशी आपल्याकडे बघत होता. ऑफिस हसेल. ती घरी येईल, मागच्या बाजूला जाऊन बसेल, आणि ह्या वेळी आपल्याला माहीत असेल की जवळ जायचं. ह्या विचाराची त्याला शिसारी आली नाही. ती आली नाही ह्याचीच भीती वाटली. मृणाली डोळे मिटूनच म्हणाली, "किती शांत झोपतील काका उद्या." त्यानं गिअर बदलला. गाडी हलली नाही.

रविवारी सकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. मांडीवर परात, समोर लॅपटॉप. "वाचू का आता?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुम्ही लिहिलेलं. मुद्दाम वाचलं नव्हतं. म्हटलं, आज सावकाश वाचू." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं जे हरेशला ओळखता येईना, आणि ओळखलं तेव्हा ते इतकं जुनं निघालं की त्याला पायांखालची फरशी गार लागली. ती लाजत होती. तिनं बोटानं पान वर सरकवलं. उत्तरात ‘ठीक’ येईल. कोरी जागा. आणखी सरकवलं. जिथे हरेश गेलाच नव्हता तिथे, जाड अक्षरात: उघाडी खरंच बंद झाली हे कसं ओळखायचं? त्याच्याखाली बारीक अक्षरात: हे हरेश लिहितील. त्यांच्या खाडीचं त्यांनाच माहीत. आणि त्याच्याखाली काहीच नाही.

ती वाट बघत असल्यासारखी तिथेच थांबली, जणू अक्षरं यायला वेळ लागतोय. मग तांदळातला एक खडा उचलून तिनं बाजूला ठेवला.

"काल सकाळी सांगितलं होतं मी. कुकर लावताना."

"हो?"

"तुम्ही ओ म्हणालात."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला कुठे उभं राहायचं ते कळलं असतं. आपलं मॅन्युअल टेबलाखाली बघून ज्या माणसांचा त्याला इतकी वर्षं संताप येत होता, त्या सगळ्या माणसांचे चेहरे एकेक करून त्याच्याच चेहऱ्यावर येऊन बसत होते. त्यांनी निदान बघितलं अशी खूण तरी केली नव्हती. आणि ती जागा, जिला तो भोक म्हणत होता, कालपासून जिच्यावर तो मनातल्या मनात हात फिरवत होता, ती जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. पंगतीत कोणासाठी तरी पान मांडून ठेवतात तशी.

"पाणी कधी येईल?" तिनं विचारलं.

"एकच्या आसपास भरेल."

तिनं परात उचलली, लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला आणि आत गेली.

त्यानं लिहायला सुरुवात केली. सदर उत्तर प्राप्त झाल्यानंतर. खोडलं. उघाडीच्या बंद स्थितीची पुष्टी. खोडलं. बोटं किल्ल्यांवर तशीच राहिली. कोणाला सांगतोय आपण? ज्याला खाडी दिसत नाही त्याला. ज्याची मान धरून फिरवता येत नाही त्याला. मग त्यानं लिहिलं: ‘ठीक’ म्हणजे निरोप ऐकला. काम झालं असं नाही. थोडं थांब, मग पाणी_बघ हे टूल वापरून बांधाच्या आतलं पाणी बघ. आतलं पाणी चढत असेल तर उघाडी बंद झालेली नाही, उत्तर काहीही आलेलं असू दे. पुन्हा हाक मारू नकोस. फळीखाली लाकूड असेल तर मोटर जळेल. कान्हूकाकांना फोन लाव. ते उचलेपर्यंत लाव. त्यांनी ओ दिली तरी पाणी बघत राहा. पाणी थांबलं की झालं.

मृणाली केव्हा मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. ओल्या हाताला तांदळाचं पांढरं पाणी लागलं होतं. तिनं शेवटपर्यंत वाचलं, एकेका ओळीवर थांबत.

"इतकं नीट सांगता येतं तुम्हाला," ती म्हणाली.

ह्याला, मला कधी नाही: तिच्या आवाजातला तो सल त्यानं ओळखला. कालपासून तो त्याच्याच पोटात होता.

जेवणं झाली. बारा वाजत आले. पडद्यावर एजंटच्या ओळी उमटत होत्या, एकाखाली एक, आणि दोघं ताटं तशीच ठेवून बघत बसली होती. भरती सुरू. उघाडी उघडी. निरोप पाठवला. ठीक आलं. थांबतो आहे. पाणी बघतो आहे. आतलं पाणी चढत आहे. हरेश पडद्याजवळ सरकला. पुन्हा हाक मारत नाही. कान्हूकाकांना फोन लावतो आहे. उचलला नाही. लावतो आहे. उचलला नाही. लावतो आहे. उचलला. मग कितीतरी वेळ नुसतं: आतलं पाणी चढत आहे. आतलं पाणी चढत आहे. मृणालीनं नकळत त्याचं मनगट धरलं होतं, आणि तेवढ्यातही त्याच्या मनात आलं, हे मनगट तिनं कोणासाठी धरलंय, माझ्यासाठी की त्याच्यासाठी? आतलं पाणी थांबलं.

मग हरेशचा फोन वाजला. कान्हूकाका धापा टाकत होता. "बाभलीचा बुडखा आडकला व्हता रं फलीखाली. कोयत्यानी तोडला, अर्धा तसाच हाय. मृणालीला दे फोन. तुला नाय, तिला दे."

त्यानं फोन दिला. ती ऐकत राहिली, मधेच हसली, नाय हो काका, म्हणाली. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज मोठमोठ्यानं येत होता, तुझ्या यंत्रानी मला निजू दिला नाय गो, मरेपर्यंत घंटी वाजवली, शेत वाचवला तू. हरेश तिच्या ओठांकडे बघत होता. ती ओळ ह्यांची आहे. एवढंच तर म्हणायचं होतं तिनं. ती हं म्हणाली. पुन्हा हं म्हणाली. सांगते, म्हणाली, आणि फोन ठेवला. चिखल पुन्हा हलला, खोल, ओळखीचा.

"काय म्हणाला काका?"

"म्हणाले, हरेशला सांग, उद्या भरतीच्या आधी ये. उरलेलं लाकूड काढायला दोघं लागतील."

"ओ," हरेश म्हणाला.

म्हटल्यावर त्याला तो शब्द खोलीत ऐकू आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि ताटं उचलायला घेतली, सावकाश, एकेक. पुन्हा हाक मारली नाही तिनं. ती थांबली होती.

हरेश उठला. स्टुलावर चढून माळ्यावर हात घातला. वडिलांचा कोयता फडक्यात गुंडाळलेला होता, शेजारी काथ्याचा दोर. त्यानं दोन्ही खाली काढलं, दोर झटकला, त्यातून वाळलेला चिखल फरशीवर पडला. मग ते सगळं त्यानं बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवलं, आणि त्यावरचं फडकं काढून कडीला अडकवलं, स्वयंपाकघरातून दिसेल असं.